यामाहा आरएक्स १०० ट्यून करायची आहे? सुरुवात कुठून करायची ते आधी ठरवा

जुनी आरएक्स १०० घरी आली की पठ्ठ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चेंबर कुठला टाकू?" (चेंबर म्हणजे ताकद वाढवणारा खास आकाराचा सायलेन्सर.) माझं उत्तरही ठरलेलं आहे. अजून कुठलाच नको.

१९८५ च्या अखेरीस एस्कॉर्ट्सच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडली तेव्हा ९८ सीसीतून ७५०० आरपीएमला ११ हॉर्सपॉवर निघत होती, आणि गाडीचं वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. १९९६ ला उत्पादन थांबलं. म्हणजे आज हातात येणारी सगळ्यात नवी आरएक्सदेखील तीस वर्षांच्या घरात आहे. झिजलेली रिंग, गळके सील, कार्बननं बुजलेला सायलेन्सर, ढिला पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच). असल्या इंजिनला चेंबर लावणं म्हणजे दमेकऱ्याला शर्यतीत उतरवणं. गेलेली ताकद परत आणली की निम्म्या लोकांची हौस तिथंच फिटते. उरलेल्यांसाठी पुढचे टप्पे आहेत. क्रम मोडू नका, आणि एका वेळी एकच बदल करा. नाहीतर गाडी बिघडली की कशानं बिघडली हे कळायला मार्ग राहत नाही.

१. पाना हातात घेण्याआधी कागद

हा भाग रटाळ आहे, पण पैसे सगळ्यात जास्त इथंच बुडतात.

- इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा. नंबरावर रंगाचा थर असेल तर थिनर लावून पुसा. विकणारा "राहू दे हो" म्हणाला तर तिथूनच परत फिरा.
- जुनं आरसी पुस्तक असेल तर गाडी 'वाहन' या सरकारी ऑनलाइन प्रणालीत दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. हे काम मूळ मालकाच्या गळ्यात घाला आणि ते झाल्यावरच पैसे द्या.
- नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. मालक हयात नसेल तर फॉर्म ३१ आणि वारसाचे कागद. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली गाडी असेल तर फॉर्म २८ म्हणजे एनओसी. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा तसाच असेल तर फॉर्म ३५. कर्ज देणारी कंपनीच बंद पडलेली असेल तर ही भानगड फार लांबते.
- पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी करावी लागते, त्याला फॉर्म २५. सोबत पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि एचएसआरपी पाटी.

आता खरी गोम. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीत नोंदलेल्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. "आपली व्हिंटेज आहे, चालतं" हा समज डोक्यातून काढा. कायद्यानं व्हिंटेज व्हायला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं जावी लागतात, म्हणजे २०३५ च्या आधी एकही आरएक्स त्यात बसत नाही. आणि बसेल तेव्हाही ती मूळ रूपातच असावी लागते.

म्हणून माझी विभागणी सरळ आहे. टप्पा २ ते ५ दुरुस्तीत मोडतात, ते रस्त्यावरच्या गाडीला बिनधास्त करा. त्यापुढचे बदल ट्रॅकच्या किंवा ड्रॅगच्या (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या) गाडीसाठी. मूळ सिलिंडर, हेड, कार्ब (कार्ब्युरेटर) आणि सायलेन्सर कधीही भंगारात देऊ नका. तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवा. पासिंगला लागतील, आणि गाडी विकायची वेळ आली तर त्यांनाच खरी किंमत आहे.

२. आहे ती अवस्था मोजा

हत्यारं फार लागत नाहीत: व्हर्नियर, फीलर गेज, कॉम्प्रेशन गेज, मॅग्नेट (क्रँकवरचं चुंबकी चाक) काढायचा पुलर, डिग्री चकती (क्रँक किती अंश फिरली ते दाखवणारी), प्लगच्या भोकात बसणारा डायल गेज, दोन मिलिमीटरची सोल्डरची तार आणि एक वही. पुलरशिवाय मॅग्नेट काढायला जाऊ नका. हातोडीनं ठोकलेल्या मॅग्नेटची गाडी नंतर कधीच धड चालत नाही.

वहीत लिहा: कॉम्प्रेशन किती, कार्बमध्ये कुठला मेन जेट आणि कुठला पायलट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक), सुई कितव्या खाचेवर, प्लगचा नंबर, दोन्ही स्प्रॉकेटचे दात. हे आज लिहिलं नाही तर महिन्याभरानं "आधी कसं होतं रे?" हा प्रश्न विचारायला कुणी उरणार नाही.

३. खालचं इंजिन: सील, क्रँक आणि बीपीचं मशीन

टू-स्ट्रोकची क्रँककेस म्हणजे हवेचा पंप. तिला बारीकशी जरी गळती असली तरी वरून किती महागडे पार्ट टाकले त्याला अर्थ नाही. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), गाडी तापते आणि एक दिवस सीझ होते, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअर ऑइल ओढलं जातं. धूर पांढरा येतो, थांबत नाही, आणि गिअर ऑइलची पातळी गुपचूप उतरत जाते.

ही गळती पकडायला घरगुती उपाय आहे: जुनं डायलवालं बीपी मशीन. एक्झॉस्ट पोर्टवर (जळका वायू बाहेर पडतो त्या सिलिंडरच्या भोकावर) सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि लोखंडी पट्टी बोल्टनं आवळा. कार्ब काढून तिथं रबरी बूच बसवा, त्यातून नळी आत घाला. ऑइल पंपाची बारीक नळी बंद करा. पिस्टन खालच्या टोकाला आणा आणि फुगा दाबत काटा ३०० वर न्या. ३०० म्हणजे ६ पीएसआयला थोडं कमी, या चाचणीला नेमकं लागतं तेवढंच. काटा पाच-सहा मिनिटं जागचा हलला नाही तर इंजिन घट्ट आहे. सरकला तर साबणाचं पाणी ब्रशनं सीलवर, सिलिंडरच्या बुडाच्या गॅस्केटवर, केसच्या जोडावर, रीड ब्लॉकच्या (कार्ब आणि इंजिन यांच्यामधल्या झडपेच्या) फटीवर लावत जा. बुडबुडा दिसेल तिथं चोर. कुठंच बुडबुडा नाही पण काटा उतरतोय, तर क्लचचं कव्हर उघडून आतलं सील बघा. हे सील बाहेरून दिसत नाही म्हणून दहातले नऊजण ते विसरतात.

क्रँकचा रॉड वर-खाली हलत असेल (बाजूला थोडा हलला तर चालतं), तर क्रँक उघडून रॉड किट बदलावं लागेल. हे काम दाबून बसवणाऱ्या अनुभवी लेथवाल्याकडेच द्या. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात अशी माणसं अजून आहेत, तुमच्या गावातही एखादा म्हातारा कारागीर असेलच. त्याला एकच सांगा: "ट्रू करून डायलवर दाखवा." फेक (फिरताना होणारी डगमग) ०.०३ मिमीच्या आत हवा. "हातानं बघितलंय, ओके आहे" हे उत्तर चालत नाही.

४. बोअर आणि पिस्टन

मूळ बोअर ५० मिमी, स्ट्रोकही ५०. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५ च्या पायरीनं मिळतात. आधी पिस्टन विकत घ्या, मग त्या पिस्टनच्या मापानं बोअर मारून घ्या. उलटं करणारे मेकॅनिक आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. होनिंग (बोअरच्या भिंतीवर बारीक तिरक्या रेघा पाडणं) करून घ्याच. पोर्टच्या धारा कानशीनं हलक्या मारायला लावा, नाहीतर नवी रिंग पहिल्याच आठवड्यात पोर्टमध्ये अडकून तुटेल.

रिंग सुटी बोअरमध्ये घालून तोंडातली फट फीलरनं मोजा, ०.१५ ते ०.३५ मिमी हवी. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. गजन पिनची (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनची) सर्क्लिप प्रत्येक वेळी नवी. ती दोन रुपयांची गोष्ट सुटली तर सिलिंडर उभा चिरते.

पार्टबद्दल: पुण्यातली नाना पेठ असो की दिल्लीचं करोल बाग, 'ओरिजिनल' लिहिलेल्या डबीवर जाऊ नका. डुप्लिकेट पार्टची डबी खऱ्यापेक्षा जास्त चकचकीत असते. पिस्टन हातात घेऊन रिंगची खाच पाहा. कडेला कच दिसली, खाचेची रुंदी कमी-जास्त वाटली, तर ठेवून द्या.

५. थांबेल का, ते आधी पाहा

पुढचा-मागचा दोन्ही ड्रम. नवे लायनर, ड्रम गोल आहे का ते लेथवर तपासून घ्या, केबल नवी. स्विंगआर्मचे बुश, स्टीअरिंगचे कोन सेट, फोर्कचं ऑइल. स्पोक एकेक वाजवून बघा. भदाभदा आवाज देणारा ढिला. टायर दहा वर्षं जुने असतील तर नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदला. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

६. सायलेन्सर: जाळी काढणं म्हणजे ट्यूनिंग नव्हे

आतली जाळी, म्हणजे बॅफल, काढून टाकली की गाडी बोंबलते आणि मालकाला वाटतं पळायला लागली. आवाज वाढतो, खालचा जोर उलट कमी होतो, आणि चौकात पोलीस मामा थांबवतात. शहराशहरांत जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातल्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील.

कारण समजून घ्या. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची लाट नळीत धावते. नळी रुंदावते तिथून ओढणारी लाट परत येते आणि जळका वायू बाहेर खेचते. पुढं नळी निमुळती होते तिथून ढकलणारी लाट परतते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. हे सगळं वेळेवर घडायला लांबी आणि कोन नेमके लागतात. लांबी कमी केली की ताकद वरच्या आरपीएमला सरकते. चेंबर घेताना "कुठल्या आरपीएमला, कुठल्या पोर्टिंगसाठी बनवलाय?" असं विचारा. विकणाऱ्याला उत्तर देता आलं नाही तर तो नुसता पत्र्याचा भोंगा आहे.

त्याआधी मूळ सायलेन्सर साफ करा. बॅफल बाहेर काढून जाळून घ्या, नळीतला कार्बन कॉस्टिक सोड्यात भिजवून काढा. हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि सोड्याजवळ अॅल्युमिनियम अजिबात नको. कित्येक गाड्यांना एवढ्यानंच नवा जन्म मिळतो.

७. कार्ब आणि जेटिंग

मूळ कार्ब २० मिमीचा मिकुनी. ट्रॅकच्या ९८ सीसीला २२ किंवा फार तर २४ पुरे. मित्राच्या आग्रहाखातर २८ लावणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या गाड्या सिग्नलवरून उचलत नाहीत आणि प्लग ओला करतात.

मोठा सापळा ऑइल पंपाचा आहे. आरएक्समध्ये टू-टी ऑइल वेगळ्या टाकीतून पंपानं जातं आणि पंपाची केबल ॲक्सिलरेटरला जोडलेली असते. कार्ब बदलला की केबलची ओढ बदलते, पंपाच्या खुणा जुळत नाहीत, आणि ऑइल कमी पडतं. खुणा पुन्हा जुळवा. "पंप काढून टाक, पेट्रोलमध्येच मिसळ" हा सल्ला ट्रॅकवर ठीक आहे. लिटरला ३० ते ३५ मिली चांगलं ऑइल धरा. पण मिसळलेल्या पेट्रोलवर घाट उतरताना ॲक्सिलरेटर बंद ठेवून गिअरवर गाडी सोडली की इंजिन जोरात फिरतं आणि ऑइल जवळजवळ जातच नाही. खंबाटकी असो की वरंध, मधूनमधून क्लच दाबून ॲक्सिलरेटर द्यावा लागतो. रस्त्यावरच्या गाडीचा पंप राहू द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

जेटिंग करताना मुठीवर पांढरी टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. पाव मुठीपर्यंत पायलट जेट आणि स्लाइडचा काप, पाव ते पाऊण सुई, त्यापुढे मेन जेट. गाडी कुठल्या खुणेवर अडखळते ते पाहा म्हणजे कशाला हात घालायचा ते कळतं. चेंबर किंवा उघडा फिल्टर लावला की मेन जेट दोन-तीन नंबर वरचाच घालून सुरू करा आणि मग एकेक नंबर खाली या. जाड मिश्रणात गाडी ब-ब-ब करत गुदमरते, त्यानं इंजिन मरत नाही. पातळ मिश्रणात ती मस्त, हलकी, मोकळी पळते आणि मग एकाएकी मागचं चाक लॉक होतं. म्हणून "आज जाम भारी पळतेय" असं वाटलं तर आधी प्लग काढून बघा.

मेन जेटची परीक्षा अशी: नवा प्लग, बंदिस्त ट्रॅकवर वरच्या गिअरमध्ये पूर्ण मूठ, थोडं अंतर गेल्यावर एकदम चावी बंद आणि क्लच दाबायचा. प्लगच्या चिनीमातीच्या मुळाशी, आत खोलवर, तपकिरी कडं दिसायला हवं. नुसतं टोक बघून निर्णय घेऊ नका.

यात दोन गोष्टी मुद्दाम लक्षात ठेवा. पंपावर आता मिळणाऱ्या ई२० पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्यानं तोच जेट आधीपेक्षा पातळ पडतो, शिवाय जुने रबर आणि फ्लोटखालचं गॅस्केट फुगतं. टाकी अर्धी ठेवून महिनोन्‌महिने गाडी उभी करू नका, पाणी खाली बसतं आणि टाकी गंजते. दुसरं, हवा. साडेतेराशे मीटरच्या आसपासच्या महाबळेश्वरात जुळवलेली गाडी कोकणात उतरली की पातळ होते. ट्यूनिंग जिथं पळवायची तिथंच करा.

जेटला ड्रिल मारून मोठं करणाऱ्याला गाडी देऊ नका. आणि एका कंपनीच्या जेटचा नंबर दुसऱ्या कंपनीच्या जेटशी ताडू नका, मोजायची पद्धतच वेगळी असते.

८. हेड

सोल्डरची तार प्लगच्या भोकातून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत घाला, गजन पिनच्या रेषेत, आणि इंजिन हातानं वरच्या टोकापलीकडे फिरवा. चेपलेली जाडी म्हणजे स्क्विश, पिस्टन आणि हेड यांच्यातली फट. मोकळी असेल तर हेड मिल करून १ मिमीच्या आसपास आणता येते, ०.८ च्या खाली जाऊ नका. अर्धा मिलिमीटर काढला की ज्वलनकक्षातली जवळजवळ १ सीसी जागा जाते, आणि एवढ्या लहान इंजिनात ते पुष्कळ होतं. खडखड असा नॉकिंगचा आवाज आला तर मूठ सोडा आणि घरी या.

९. पोर्टिंग

पोर्टिंग म्हणजे सिलिंडरमधले पोर्ट घासून मोठे करणं. इथं माघार नाही. पत्रा परत लावता येतो, कास्ट आयर्नचा स्लीव्ह परत भरता येत नाही. म्हणून पोर्टिंग दुसऱ्या, जुन्या सिलिंडरवर करा.

आधी डिग्री चकती लावून मूळ टायमिंग वहीत उतरवा. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड १ मिमी उचलली की तो उघडा राहण्याचा काळ साधारण ५ अंशांनी वाढतो. पहिल्या खेपेला अर्धा ते एक मिलिमीटर, बस्स. जास्त उचललात तर खालचा जोर पूर्ण जातो आणि चारच गिअर असलेली ही पेटी त्या अरुंद पट्ट्यात इंजिनाला धरून ठेवू शकत नाही. रुंदी बोअरच्या ६५ टक्क्यांच्या आत, म्हणजे ३२ मिमीपर्यंत. त्याहून रुंद केला की रिंग बाहेर फुगते आणि अडकते. ट्रान्स्फर पोर्ट (ताजं मिश्रण वर नेणारे) आणि केसचं तोंड एकमेकांना जुळवून घ्या, ही सगळ्यात बिनधोक कमाई. आणि आरशासारखं पॉलिश करण्यात रात्री घालवू नका. रिंग जिथून सरकते त्या प्रत्येक कडेला चॅम्फर (हलका उतार) मात्र हवाच.

आरएक्स १३५ चा सिलिंडर चढवायचा मोह होईल. स्ट्रोक तोच ५०, बोअर ५८, म्हणून तो सोपा वाटतो. पण आरसीवर ९८ सीसी आहे हे विसरू नका.

१०. पॉइंट, प्लग, स्प्रॉकेट

पॉइंटची फट बदलली की टायमिंगही बदलतं, म्हणून आधी फट ०.३ ते ०.४ मिमी, मग डायल गेज लावून टायमिंग. कॉम्प्रेशन वाढवलं असेल तर एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा) प्लग. इथं गंमत आहे: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा कमी झाला की थंड. काउंटरवरच्या पोरालाही हे बऱ्याचदा माहीत नसतं.

पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात म्हणजे मागचे जवळजवळ तीन. ट्रॅक छोटा असेल तर मागे दोन दात वाढवून पाहा; पोर्टिंगपेक्षा स्वस्तात फरक कळतो.

११. पहिले पाचशे किलोमीटर

पहिल्या दिवशी गाडी सुरू करा, फिनला हात लावता येणार नाही इतकी तापू द्या, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. असं तीन-चारदा. मग अर्ध्या मुठीच्या आत, पण एकाच वेगानं नाही. वेग वर-खाली होत राहिला पाहिजे. थंड इंजिनाला कधीही पिळू नका. हेडचे नट पहिल्या तापण्यानंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, आडव्या क्रमानं पुन्हा आवळा.

तरीही सीझ झालीच तर सिलिंडर लगेच घासायला देऊ नका, आधी पिस्टन वाचा. ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर मिश्रण पातळ होतं किंवा उष्णता जास्त झाली. चारही कोपऱ्यांवर असतील तर पिस्टन घट्ट बसवलाय किंवा थंड इंजिन पिळलंय. चहूबाजूंनी कोरडे, लांब ओरखडे असतील तर ऑइल पोचलं नाही, पंपाची केबल बघा. पिस्टनच्या डोक्यावर वाळू उडवल्यासारखे खड्डे असतील तर नॉकिंग होतं. हेड किंवा टायमिंगकडे जा. त्या पिस्टनवर तारीख आणि जेटचा नंबर मार्करनं लिहून तो वहीशेजारी ठेवा.